तीन बोटं खाली

फिटरकाकांचं डोकं फिरलं की आधी कान लाल होतात, मग आवाज चढतो, आणि मग समोर कोण आहे हेसुद्धा ते बघत नाहीत. चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले तरी गल्लीत नाव तेच राहिलं. त्या सोमवारी ते सुट्या भागांच्या मोठ्या दुकानातून घरी आले तेव्हा कान नुसते पेटले होते.

"लुटारू आहेत, लुटारू!" चपला काढायच्या आधीच सुरुवात. "जुन्या गाडीला मागचे शॉकअप मागितले, तर बाहेरून गॅसच्या बाटल्या लावलेले दाखवतोय! किंमत ऐकून वाटलं, सोबत गाडीपण देतोय की काय!"

"अहो, पाणी तरी प्या," काकू म्हणाल्या.

"पाणी कसलं देतेस! इथे अंगाचा तिळपापड झालाय माझ्या."

गाडी म्हणजे दगडधोंड्यांतून, चिखलातून पळवायला केलेली जुनी मोटरसायकल. काकांनी ती लग्नाआधी घेतली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचं हाड मोडलं, डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली, आणि गाडी लेकीकडे गेली. लेक टेलिफोनचे टॉवर तपासायची नोकरी करते. अंगाने काटकुळी, पण तोंडाने थेट बापावर गेलेली. येत्या रविवारी दगडाच्या बंद खाणीत जुन्या गाड्यांची शर्यत होती आणि तिने नाव दिलं होतं. धक्के झेलणारे मागचे शॉकअप मात्र तेल गाळून पार मेले होते.

"बाबा, शनिवारपर्यंत गाडी ताळ्यावर आली नाही, तर मी मैत्रिणीची गाडी घेऊन उतरणार," तिने स्वच्छ सांगितलं. "मला माझा मणका मोडून घ्यायचा नाही."

हे काकांच्या जिव्हारी लागलं. ती गाडी त्या खाणीत एकदा तरी पुन्हा पळताना त्यांना बघायची होती.

मंगळवारी दुसरं दुकान. तिथला पोऱ्या चकचकीत, स्वस्त जोडी नाचवत म्हणाला, "काका, डोळे झाकून घ्या, सगळ्या गाड्यांना बसतात." काकांनी खिशातून टेप काढली आणि वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत माप धरलं. इंचभर कमी.

"अरे, मागून इंचभर बसली की पुढून हँडल वळेल का तुझं? आणि हे बंद डबे आहेत, तेल बदलायला उघडतच नाहीत! मघापासून तोंड चालवतोयस, एकदा तरी विचारलंस, गाडी चालवणार कोण? वजन किती? डोळे झाकून घ्या म्हणे! डोळ्यांत धूळ फेकायचे धंदे सगळे!"

शेवटी एका शेडमध्ये स्वतः शॉकअप बांधून देणाऱ्या बाई सापडल्या. साधे लोखंडी, काळा रंग, ना चकाकी ना बाटल्या. पण उघडता येणारे, मापाला बरोबर, आणि खिशाला झेपतील असे. बाईंनी पुढे कागद सरकवला: गाडी कोणती, लांबी किती, चालवणाऱ्याचं वजन किती. "याला म्हणतात कामाचं माणूस!" म्हणत काकांनी भराभर लिहून दिलं.

बुधवारी अंगणात जोडी बसली. मग नेहमीची तपासणी. काकांचा नियम असा की माणूस बसला की गाडीची मागची बाजू तीन बोटं खाली यायला हवी. लग्नापासून बोटं काकूंचीच. काका दोन्ही पाय वर घेऊन सीटवर बसले, लेकीने हँडल धरलं, काकूंनी वाकून बोटं लावली.

"तीन," काकू म्हणाल्या.

काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

गुरुवारी लेक गाडी खाणीवर फिरवून आली ती मनगटं चोळतच. "बसतच नाही मागून! प्रत्येक दगडावर मला भिरकावून देतेय. मी नाही नेणार ही."

"तुला उभं राहून चालवायला नको!" काका कडाडले. "गाडीला नावं ठेवू नकोस." पण हात लावून पाहिलं तर स्प्रिंग दगडासारखी कडक. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्या बाईनेसुद्धा तोंडाला पानंच पुसली! जोडी काढली, लेकीला बरोबर घेतलं आणि रिक्षा केली. शेडच्या दारातूनच त्यांनी तोंड सोडलं. फसवणूक, बेजबाबदारपणा, पोरीच्या जिवाशी खेळ. काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फाइलमधून तो कागद काढून समोर धरला. चालवणाऱ्याचं वजन: अठ्ठ्याऐंशी किलो. अक्षर काकांचं. खाली दोन रेघा मारलेल्या.

"काका, ही अठ्ठ्याऐंशी किलोंची मुलगी आहे कुठे?"

लेक बावन्न किलोंची. अठ्ठ्याऐंशी किलोंचे स्वतः काका. तिला हसू आलं असतं तरी परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, दोन वर्षं झाली. गाडी मी चालवते."

बाईंनी मऊ स्प्रिंगा बदलून दिल्या. काकांनी घरी येऊन जोडी पुन्हा बसवली आणि मग ते काकूंवर उखडले, "तुला दिसत नव्हतं मी बसलोय ते? बोलायचं नाही?"

"मला विचारलंत?" काकू म्हणाल्या. "तुम्ही बसलात, मी बोटं लावली."

स्वतःच्याच एक मुस्काटात द्यावी असं काकांना वाटलं. त्यांनी लेकीला हेल्मेट आणि बूट घालून यायला सांगितलं. ती बसली. गाडी तोलायला आता काकांनीच हँडल धरलं.

"पाय वर घे दोन्ही," ते म्हणाले. आवाज अजून रागीट होता, पण जरा फाटला. "सगळं वजन टाक. गाडी तुझी आहे."

काकू वाकल्या.

"तीन," त्या म्हणाल्या.