भुकटीतून निघालेला पंपाचा पंखा

माफ करा शेअरच्या ग्रुपवरच्या मंडळींनो, गोष्ट सकाळची आणि लिहितोय आता. दिवसभर पाटाच्या पाण्यामागं होतो.

सात वर्षांपूर्वी बैलजोडी विकून मी शेअर घेतले. कंपनी स्टीलच्या भुकटीचे थर लेझरनं वितळवून यंत्रांचे सुटे भाग छापते. मी सातवी शिकलेला. रोज भाव पाहतो आणि छाती धडधडते. बैलांसाठी बायको अजून बोलते.

औंदा आमच्या किन्हीराजा गावातल्या विहिरीवरच्या जुन्या पंपाचा पाणी ढकलणारा पंखा फुटला. नवा कुठंच मिळेना. मुलीनं तुटका पंखा नमुना म्हणून माझ्याच कंपनीकडं पाठवला. आज नवा आला.

बायको म्हणाली, "हा नाही टिकला, तं आजच सारे शेअर इकून टाका."

जवळच्या मालेगावचे रशीदभाई मिस्त्री तो बसवायला आले. पंखा कसा बनला ते ऐकून हसले. "काका, भुकटीचा हाय हा. फू केलं तं उडून जाईन!"

मग त्यांनी तो दोरीला टांगून हातोडीनं ठोकला. आत चीर असली तर आवाज बद्द येतो. मी डोळे मिटले.

घंटेसारखा आवाज घुमला!

तासाभरात पाणी पाटात पडलं. रशीदभाई हळूच म्हणाले, "काका, हे शेअर कसे घेतेत? मले बी सांगा ना."

आणि बायको? "आता कायले इकता? राहू द्या."

विकत नाही! पण तुमच्यात आणखी कोणी अशी कंपनी धरून बसलंय का? लवकर कळवा हो. उद्या बाजार उघडायच्या आत कळवा, एकट्याला धीर निघत नाही.