पोलादाचा कैवारी

शस्त्रागारात त्यांना समोरून उस्ताद म्हणत आणि पाठ फिरली की पोलादराव. पोलिसांची पिस्तुलं दुरुस्त करण्यात उस्तादांची हयात गेली होती, आणि या हयातीत त्यांनी एकच विषय लावून धरला होता : पिस्तुलाचा सांगाडा पोलादाचाच हवा. सांगाडा म्हणजे मुठीसकट खालचा भाग, ज्यावर बाकीचं सगळं बसतं. त्याच्या वरच्या कडांना रूळ असतात. प्रत्येक गोळीला स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, त्या रुळांवरून मागे जाते आणि झटक्यात पुढे येते. पिस्तूल झिजतं ते तिथे.

शस्त्रागारात दोन कपाटं होती. खिडकीजवळच्या कपाटात जुनी पोलादी पिस्तुलं, आणि दारामागच्या कपाटात नंतर आलेली, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. या दुसऱ्यांना सगळे अलॉय म्हणत. उस्ताद म्हणत जर्मनचं पातेलं. कुणी अलॉयचं पिस्तूल हलकं असल्याचं कौतुक केलं, की ते विचारत, "पिसं भरलेलं आणू का? आणखी हलकं होईल."

घरीही तेच. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, माझा कुकर त्याच धातूचा आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला, अजून टुणटुणीत आहे."

"कुकरमधून गोळ्या सुटत नाहीत."

"त्या तुमच्या तोंडातून सुटतात."

पण यंदा हा वाद हौशीचा राहिला नव्हता. मुख्यालयाने ठरवलं होतं की दोन्हींपैकी एकच प्रकार ठेवायचा, दुसरा भट्टीत घालायचा. उस्तादांची निवृत्ती वर्षअखेरीला होती. पोलाद राहिलं तर दोन वर्षांची मुदतवाढ पक्की होती, कारण पोलादाला घामाने गंज चढतो, आणि तो उतरवणं उस्तादांशिवाय कुणाला जमत नाही, असं सगळे मानत. सगळे म्हणजे मुख्यतः उस्ताद. अलॉय राहिलं तर तेलाचा फडका कुणीही फिरवू शकत होतं. मुदतवाढीसाठी बायकोनेही देव पाण्यात ठेवले होते. "घरी बसलात तर दिवसभर माझ्या भांड्यांना नावं ठेवाल," असं तिने तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून उस्तादांनी स्वतःच तपासणी मागितली. अलॉयची पिस्तुलं झिजून निकामी झाली आहेत, कुणीतरी येऊन डोळ्यांनी बघावं, असे अर्जावर अर्ज पाठवले. आता खरं तर ती पिस्तुलं उस्तादांनी वर्षानुवर्षं नीट पाहिलीच नव्हती. नियम होता म्हणून फडका मारायचे, नियम होता म्हणून ठरल्या वेळी स्प्रिंग बदलायचे आणि कपाट लावून टाकायचे. जीव होता तो खिडकीजवळच्या कपाटात. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना मेकॅनिक जी करडी, खरखरीत पेस्ट वापरतात, ती उस्ताद पोलादी रुळांना लावत आणि स्लाइड मागे-पुढे, मागे-पुढे घासत बसत. रूळ आरशासारखे चमकू लागले की मगच त्यांना जेवण गोड लागे. पिस्तूल जरा तिरकं धरलं की स्लाइड आपोआप घरंगळायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे करून दाखवत.

तपासनीस बाई आल्या त्या सर्दीने बेजार होऊन. हातात मापांची पेटी, नाकाला रुमाल. स्टोअरकीपरने चहा पुढे केला आणि उस्तादांनी भाषण.

"मॅडम, पोलादाला बेताचे धक्के कितीही द्या, ते सोसतं. हा अलॉय प्रत्येक धक्का मनात ठेवतो, सासूसारखा. आणि मग एक दिवस तडकतो."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

उस्तादांनी स्टोअरकीपरकडे असं पाहिलं, की आता पेढेच मागवायचे बाकी होते.

बाईंनी आधी अलॉयचं कपाट उघडायला लावलं. एकेक सांगाडा उघडा करून भिंगाखाली धरला, भेगा शोधल्या. रुळांच्या कडेला एक बारीक चकचकीत रेघ दिसत होती. उस्ताद या रेघेचीच वाट पाहत होते.

"बघा! अलॉयवर चढवलेलं कडक कातडं गेलं. आत सगळं मेण आहे. आता ही झीज थांबायची नाही."

"मेण नाही, पण मऊ आहे खरं." बाईंनी माप लावलं. "कडेपुरतंच गेलंय. मापात आहे." दुसरं उचललं. "मापात." तिसरं. "हेही मापात. सांभाळलंय चांगलं तुम्ही."

या कौतुकाने उस्तादांचा चेहरा कारल्यासारखा झाला. "आता इकडे या," म्हणत त्यांनी खिडकीजवळचं कपाट उघडलं.

बाईंनी पहिलं पोलादी पिस्तूल उचललं, रिकामं असल्याची खात्री केली आणि कानाजवळ नेऊन हलवलं. खडखड, खडखड.

"बारशाला न्यायचंय का?" स्टोअरकीपर पुटपुटला.

"मोकळं आहे ते," उस्ताद डाफरले. "मोकळं असलं की अडकत नाही."

बाईंनी माप लावलं. पुसून पुन्हा लावलं. दुसरं पिस्तूल घेतलं, मग तिसरं. "यातून गोळ्या किती झाडता?"

"वर्षातून एकदा सराव असतो. तेवढ्याच."

"तेवढ्याने इतके रूळ जात नाहीत. कुणी खाल्ले मग?"

"खाल्ले काय म्हणता मॅडम? घडवलेत!" उस्तादांनी खणातून पेस्टचा डबा काढून अभिमानाने टेबलावर ठेवला. "या हातांनी घडवलेत. मशीनला नाही जमणार असं."

बाईंनी डब्यात बोट बुडवलं, चिमटीत चोळून पाहिलं. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"उस्ताद, पोलादाबद्दल तुम्ही म्हणता ते अक्षर न् अक्षर खरं आहे. हे सांगाडे अलॉयच्या तिप्पट टिकले असते. गोळ्यांनी त्यांना काही केलं नसतं, गंजाने फार नाही. फक्त त्यांना तुमच्यापासून वाचवायला कुणी नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पोलाद भट्टीत. अलॉय राहील. त्याला हात न लावल्याबद्दल तुमचे आभार मानले पाहिजेत."

उस्तादांनी पेस्टचा डबा उचलला आणि पाठीमागे लपवला. स्टोअरकीपरने हे दृश्य पुढे बरेच दिवस सगळ्यांना करून दाखवलं.

मुदतवाढीचा कागद अर्थातच आला नाही. पण एक दुसरा नियम होता. रद्द झालेला सांगाडा भट्टीत जाण्याआधी तीन ठिकाणी कापावा लागतो, आणि तो शस्त्रागाराच्या मिस्त्रीनेच कापायचा असतो. काम संपेपर्यंत उस्तादांना सोडू नये, असं मुख्यालयाने कळवलं. स्टोअरकीपर विजेवरचं कटर घेऊन आला.

"द्या उस्ताद, दुपारपर्यंत उरकतो सगळं."

"हात लावू नकोस. हत्यार हातानंच कापायचं असतं."

असा कुठलाही नियम नव्हता. उस्तादांनी पहिला सांगाडा टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळला आणि हॅकसॉ चालवायला घेतला. संध्याकाळपर्यंत दोन पाती बोथट झाली आणि एक काप जेमतेम निम्मा गेला. कपाळावरचा घाम पुसत ते ती पाती प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत होते. "बघा! याला म्हणतात पोलाद! पातेलं असतं तर एव्हाना दोन तुकडे!"

वर्षअखेर आली आणि गेली. मुख्यालयाने विचारलं, काम कधी संपेल? उस्तादांनी उत्तर धाडलं, की धातू अत्यंत टिकाऊ असल्याने अवधी लागेल, आणि आणखी पाती पाठवावीत.

पाती आली. बायकोला रोज सकाळी डबा भरावा लागतोच आहे. तिने परवा विचारलं, "मिळाली म्हणायची की मग मुदतवाढ?"

"मिळाली," उस्ताद म्हणाले. "पोलादाच्या जोरावर."