ग्रीनलंडचा बर्फ आणि बहिणीचं पत्र

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी ग्रीनलंडच्या बर्फावर तंबूत राहत होतो. माझे वडील, अण्णा, सोलापूरच्या कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. मी शिष्यवृत्तीवर भूगर्भशास्त्र शिकायला परदेशी गेलो आणि तिथल्या प्राध्यापकांनी मला मोहिमेवर मदतनीस म्हणून नेलं.

यंत्रानं खोलवर भोक पाडून बर्फाचे हातभर लांबीचे गोल दांडे वर काढले जात. ते मोजायचे, वरच्या टोकाकडे बाण काढायचा, नंबर घालून गुंडाळायचे, हे माझं काम. वर्षावर्षाचे थर त्यात एकावर एक बसलेले. बाण चुकला की काळच उलटा.

सूर्य मावळतच नसे. झोप लागेना. मी तंबूभोवती फिरत राही. थांबलो की छातीत धडधडे.

विमानानं टपाल आलं. धाकट्या बहिणीचं पत्र, तीन आठवड्यांपूर्वीचं. ‘अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. बोलणं कळत नाही. तू ये.’

विमान परत गेलेलं होतं. पुढचं हवा निवळल्यावर. मी कामाला उभा राहिलो, एक दांडा हातात घेतला, फिरवला, आणि कळेना, वरचं टोक कुठलं? भीतीनं अंदाजानंच बाण काढला. तासभर तसाच राबलो. मग राहवेना. प्राध्यापकांकडे गेलो.

“सर, एका तुकड्याची दिशा मला माहीत नाही. मी खोटा बाण काढलाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “घरून काय आलंय?”

मी सांगितलं. ते दांडे ठेवायच्या, बर्फात खणलेल्या खोलीत उतरले. आधीचा आणि नंतरचा तुकडा काढून आम्ही तुटलेल्या कडा जुळवत बसलो. बोटं बधिर झाली. शेवटी एक कड अचूक बसली. माझा बाण चुकलेलाच होता. त्यांनी तो पुसून नवा काढला आणि म्हणाले, “सांगितलंस, बरं केलंस. आता विमानाची वाट बघ.”

विमान यायला नऊ दिवस लागले.

सोलापुरात उतरलो तेव्हा उकाड्यानं जीव घाबरा झाला. अण्णा बाजेवर होते. आई त्यांना भरवत होती. मला बघून रडली आणि लगेच रागावली, “एवढ्या लांब बर्फ बघाया गेलतास व्हय? हितं कारखान्यात लाद्या मिळतात की!”

अण्णांचं तोंड वाकडं झालेलं. त्यांनी डाव्या हातानं मला जवळ ओढलं. खूप वेळानं शब्द आला, “किती... खोल?”

बर्फात भोक किती खोल गेलं ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा विचारलं. रोज विचारत.

हिवाळ्यापर्यंत ते भिंत धरून चालू लागले. तोवर माझी जागा दुसऱ्याला दिली गेली होती. त्या बर्फाचा अभ्यास त्यानं पुरा केला. मी इथल्याच कॉलेजात खडक शिकवू लागलो. परत न जाण्याचा निर्णय माझाच होता, पण पहिली दोन वर्षं मी घरात धड बसू शकलो नाही. जेवतानाही उठून दारापर्यंत जायचो. अण्णा बघायचे आणि पुन्हा तेच विचारायचे, “किती... खोल?”