उत्तरेकडे वळलेला बाण

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिला माझं सगळं ठाऊक असतं त्या मैत्रिणीलाही नाही. दरवर्षी मी एम.ए.च्या वर्गाला संशोधन पद्धती शिकवते, त्यात एक तास गोपनीयतेवर असतो — तिथे तर सांगायलाच हवं होतं. तिथेही नाही. आज तुमच्यापुढे बसले आहे खरी, पण सुरुवात कुठून करू? सोयीच्या टोकापासूनच करते. माणूस दुसरं काय करतो?

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत भूगोलाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. मानवी भूगोल. घरच्यांना वाटायचं, पोरगी अजून नद्या आणि डोंगरच पाठ करतेय. आम्ही शिकत होतो ते निराळंच — माणसं गाव का सोडतात, कुठे जातात, मागे राहिलेल्यांचं काय होतं. प्रश्नावली कशी करायची, घरं कशी निवडायची, लोकांत बसून त्यांना न दुखवता कसं विचारायचं. आमचे सर हाडाचे भूगोलवाले. त्यांचं एक वाक्य ठरलेलं — “नाव गेलं तरी चालेल, जागा जाता कामा नये.” म्हणजे माणसाचं नाव खुशाल बदला, पण घर नकाशात जिथे आहे तिथेच दिसलं पाहिजे. मला ते वाक्य फार आवडायचं. मी ते भाव खात इतरांना ऐकवायचे.

लघुप्रबंधासाठी मी विषय घेतला आखातात गेलेल्यांच्या घरांचा. खाडीकाठचा एक मुसलमान मोहल्ला निवडला. गावाचं नाव सांगत नाही — उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणा हवं तर. शहरातून आलेली, खांद्याला शबनम लावलेली हिंदू मुलगी. तिला कोण घरात घेणार? घेतलं, ते सफियाआपामुळे. तिचा नवरा कुवेतला होता. तीच मला दारोदार घेऊन गेली, “आपलीच पोर हाय, विचारू दे तिला” म्हणाली. तिच्या चुलीपुढे बसून मी आयुष्यात पहिल्यांदा मासे खाल्ले. आमचं घर शाकाहारी. कालवणाचा दुसरा वाडगा मी मागून घेतला, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

तिच्या घराला लागून झुबेदाभाभीचं घर. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. मागच्या अंगणात मधला दगडी गडगा त्यांनी स्वतःच फोडून वाट केली होती — ताकापासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं त्या वाटेने इकडचं तिकडे व्हायचं. भाभीचा नवराही कुवेतला, असं साऱ्या मोहल्ल्याला माहीत होतं. मीही तसंच टिपून घेतलं होतं.

मे महिना होता. मागच्या अंगणात आम्ही तिघी कोकमं फोडत बसलो होतो. हात लाल, बिया एकीकडे, सालं एकीकडे. आणि बोलता बोलता भाभी सांगून गेली. तिच्या नवऱ्याला कंपनीने केव्हाच परत पाठवलं होतं. तो मुंबईत एका गोदामात कामाला होता. गावी यायचा तो मुंबईतच विकत घेतलेली परदेशी ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्या घेऊन, विमानातून उतरल्यासारखा. हे ठाऊक होतं फक्त सफियाआपाला — आणि आता मला. भाभीच्या थोरल्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं, मुलगा जहाजावर. “तुझ्या कागदात नाव नाय ना येणार, बाय?” तिने विचारलं. मी म्हटलं, नावं आम्ही बदलतोच. खरंच बदलतो. ते खोटं नव्हतं.

पण नकाशा?

नकाशा मी जीव ओतून काढला होता. मोहल्ल्याची वाट, मशीद, विहीर, एकेक घर जागच्या जागी. आणि प्रत्येक घरातून निघालेला निळ्या शाईचा बाण — घरचा माणूस जिथे कामाला, त्या दिशेला. सगळे बाण पश्चिमेला, समुद्रावरून पलीकडे. एकच वर वळलेला, उत्तरेला, मुंबईकडे.

तो काढताना मी थांबले होते. हे मला सांगायचं आहे — नजरचूक नव्हती ती. पेन उचलून मी बराच वेळ त्या घराकडे बघत होते. बाण पश्चिमेला काढला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण तोच माझा शोध होता ना! परत आलेला आणि तरी गावाच्या लेखी परदेशातच असलेला माणूस — असलं काही बाकी कोणाच्या प्रबंधात नव्हतं. सर खूश होणार हे मला माहीत होतं. मी बाण काढला. सर खूश झाले. नकाशा विभागाच्या बाहेर भिंतीवर लागला.

तिथे एक दिवस बी.ए.चा एक मुलगा उभा होता. बराच वेळ. मी जवळ गेले — स्वतःचा नकाशा कोणी बघत असलं की पाय आपोआप तिकडे वळतात. त्याचं आजोळ त्याच मोहल्ल्यातलं. घरं त्याने भराभर ओळखली. मग त्या बाणावर बोट ठेवून म्हणाला, “ताई, ह्यो चुकलाय बघा. इथला माणूस कुवेतला असतो.”

मी “हो, चुकलाच” म्हणू शकले असते. तुम्ही म्हणाला असता ना? कोणीही म्हणालं असतं. मला मात्र राग आला. माझ्या नकाशात चूक? मी त्याला ठणकावून सांगितलं की चुकलेलं नाही, तो माणूस परत आलाय आणि मुंबईत आहे, मी स्वतः माहिती घेतली आहे. तो “अच्छा” म्हणाला आणि गेला. नवऱ्या मुलाचा तो चुलतभाऊ होता, हे मला नंतर कळलं. पण आधी कळलं असतं तर मी थांबले असते का? त्या क्षणी — मला खात्री नाही.

पुढे काही दिवसांनी मोहल्ल्यात मी काढलेले फोटो द्यायला गेले. गडग्यातली वाट काट्याकुट्यांनी बुजवलेली होती. भाभीने मला बसवलं, सरबत दिलं आणि रडली. मुलाकडच्यांनी नकार दिला होता. गोदामात काम करतो म्हणून नाही, फसवलंत म्हणून. “सफियानंच सांगितलंन,” ती म्हणाली. “तिच्याबिगर कोणाला ठाव होतं? तू तर बिचारी नावंसुद्धा बदलतंस.”

मी सरबत प्यायले. पेला खाली ठेवला. बोलायला तोंडही उघडलं — आणि विचारलं काय, तर मुलगी कशी आहे.

निघाले तेव्हा सफियाआपा तिच्या दारात उभी होती. तिने माझा हात धरला. “मी नाय गं बोलले कुठं. तू तरी सांग तिला. तुझं ऐकंल ती.” मी म्हटलं, सांगते. आणि वळून भाभीच्या दाराकडे न जाता एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले. ती मागून बघत असणार. मी वळून पाहिलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, लोकांची खाजगी माहिती कशी जपलीत? मी उत्तर दिलं — सर्व नावं बदलली आहेत. त्यांनी मान डोलावली. पहिला वर्ग मिळाला, त्यावर नोकरी मिळाली. भाभीच्या मुलीचं पुढे दुसरीकडे लग्न झालं, बरं चाललंय म्हणतात. त्यात माझा काही हात नाही.

बऱ्याच वर्षांनी रत्नागिरीच्या स्टँडवर सफियाआपा भेटली. तिने लांबूनच हाक मारली, गालावरून हात फिरवला. मासे खातेस का अजून, म्हणाली. मग म्हणाली, झुबेदा गेली. शेवटपर्यंत ती आपाशी बोलली नव्हती. ती आजारी असताना आपा दोनदा दाराशी गेली होती, आतून निरोप आला — नको.

“तू तेव्हा सांगितलंस ना गं तिला?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “हो. सांगितलं होतं.”

“तरी नाय पटलं तिला,” आपा म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला — माझी समजूत काढावी तसा.

सफियाआपाने कधीही, कुणालाही, काहीही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी. आणि ती आजही समजते की मी तिच्या बाजूने बोलले होते.