पोळ्याच्या मानाची निवडणूक

लग्न होऊन मी रोहण्याकडच्या त्या खेड्यात गेले तेव्हा माझ्या सासऱ्यांजवळ अभिमानाच्या दोन गोष्टी होत्या. एक गावची मालगुजारी आणि दुसरा बैठकीत टांगलेला पंतप्रधानांचा फोटो. पुढं फोटोतल्या माणसाच्या राज्यातच मालगुजारी गेली. फोटो तेवढा राहिला, आणि सासऱ्यांना घरबसल्या भांडायला एक माणूस मिळाला.

मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा आणि त्या बदल्यात अख्ख्या गावाचा मालक म्हणवून घेणारा. तलाव त्याचा, बाजार त्याचा, पडीक त्याची, आंब्याची झाडंही त्याचीच. पेरणीच्या दिवसांत कुळांनी आधी आपले बैल त्याच्या वावरात फुकट हाकायचे, मग स्वतःच्या. सासरे मनानं वाईट नव्हते. पण हे सगळं दिवस उगवतो तसं आपोआप होतं, असं त्यांना खरोखर वाटायचं.

मी सिंदी रेल्वेची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी पंतप्रधानांची खास गाडी सिंदीवरून न थांबता गेली होती. आम्ही सगळे हार घेऊन फलाटावर उभे. मला एक खिडकी दिसली आणि खिडकीत एक कोपर दिसलं. ते पंतप्रधानांचं होतं की त्यांच्या आचाऱ्याचं, देव जाणे. पण सासरे आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या सुनेनं पंतप्रधान पाह्यले हायेत." मी पदर सावरून मान डोलवायची. त्या कोपरानं मला सासरी जी किंमत आली ती आंदणातल्या भांड्यांनी काही आली नसती.

सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माझे यजमान शिकायला बाहेरगावी, तेव्हा आर्वीच्या मोटारीनं शिळं वर्तमानपत्र यायचं ते मीच वाचून दाखवायची. मी धरण वाचायची, कारखाना वाचायची, पंचवार्षिक योजना वाचायची. ते ऐकता ऐकता फुलायचे. "मानूस वाघ हाये," म्हणायचे. मग एक दिवस मालगुजारी संपल्याची बातमी मीच वाचली. ते उठले, फोटोचा हार काढला आणि गाईपुढं टाकला.

चार दिवसांनी पंतप्रधानांचं एक जोरदार भाषण छापून आलं आणि फोटोला नवा हार चढला. त्यानंतर तलाव सरकारजमा झाला, हार उतरला. असं वर्षभर चाललं. रोज वर्तमानपत्र आलं की विचारायचे, "वाच सूनबाई, आज काय नेऊन राह्यले माहं?" सासूबाई शेवटी कंटाळल्या. म्हणाल्या, "एकडाव काय थे ठरवा. गाईलेबी समजून नाई राह्यलं, चारा कोन्ता अन् देशाचा हार कोन्ता."

आसपासचे काही मालगुजार कोर्टात गेले. त्यांनी सासऱ्यांनाही बोलावलं. सासरे चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते म्हणाले, "ज्याच्या राज्यासाठी जेलात गेलतो, त्याच्यावर फिर्याद कोन्त्या तोंडानं करू?" आणि संध्याकाळी फोटोसमोर उभे राहून त्याच राज्याला त्यांनी असं काही झोडपलं की गडी ओसरीवरून उठून गेले.

मग पहिली निवडणूक आली. पंतप्रधानांच्या पक्षाची निशाणी बैलजोडी. गावात सगळ्यांत देखणी बैलजोडी आमची, तेव्हा कार्यकर्त्यांनी तीच सजवली आणि गावोगाव फिरवली. सासरे गाडीत पुढं बसलेले, कोटाच्या काजात झेंडूचं फूल. गुलाब आमच्याकडं कुठला! त्याचा परिणाम असा झाला की अर्ध्या गावाला वाटलं, आमचेच बैल निवडणुकीला उभे आहेत. तेव्हा प्रत्येक निशाणीची पेटी वेगळी असायची. सासूबाईंनी मत टाकायच्या आधी बैलजोडीच्या पेटीला हळदकुंकू लावलं आणि वर गूळ ठेवला. तिथला साहेब घाबरून उभाच राहिला. निकाल लागल्यावर एक म्हातारा खास आमच्या गोठ्यात आला आणि बैलांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "निवडून आले बाप्पा! आता तरी गावाकडं ध्यान देजा."

त्या वर्षीच्या पोळ्याआधी सगळं फिसकटलं.

आमच्याकडं पोळ्याला सगळ्या गावाच्या जोड्या मारुतीपुढच्या मैदानात रांगेनं उभ्या राहतात. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. मानाची जोडी पहिल्यांदा त्याखालून जाते, तोरण तुटतं आणि मग बाकीच्या जोड्या सुटतात. हा मान कायम मालगुजाराचा. मालगुजारी गेल्यावर पहिल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या वर्षी पारावरच्या पोट्ट्यांनी विचारलंच, "मालगुजारी गेली, तं मान काऊन राह्यला?"

सासऱ्यांनी हे ऐकलं आणि त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मला म्हणाले, "तलाव गेला, बाजार गेला, झाडं गेले. मी बोललो काई? पन थे सारं कागदावरचं होतं. पोळ्याचा मान गेला तं मी या गावात राह्यलो कोन?" त्या वेळी ते फोटोकडे पाहूनसुद्धा बोलले नाहीत. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

पटवाऱ्याला विचारलं. त्यानं बस्ता उघडून विहिरी, तलाव, जंगल, बाजार सगळं वाचलं. पोळा कुठं नव्हता. पण पटवारी तो, काही तरी निकाल दिल्याशिवाय कसा राहील? म्हणाला, "जे मालगुजाराचं होतं थे आता सरकारचं. मान सरकारचा." म्हणजे सरकारची जोडी पुढं पाहिजे. गावात सरकार म्हणजे तो स्वतः, आणि त्याच्याजवळ एक सायकल होती. तोरणाखालून सायकल न्यायला तो काही तयार झाला नाही.

पोट्ट्यांनी एका कास्तकाराचं नाव पुढं केलं. हा आमचं जुनं कूळ. अबोल माणूस, पण त्याची जोडी आमच्या जोडीच्या तोडीस तोड. पेरणीत पहिल्यांदा त्याचेच बैल आमच्या वावरात यायचे. आपलं नाव निघालं हे कळल्यावर तो बिचारा दोन दिवस घराबाहेर पडला नाही.

तेव्हा सासऱ्यांनीच तोड काढली. "मत घ्या," म्हणाले. "दिल्लीनं शिकवलं तसं. सारे मत देतीन. बायाबी देतीन अन् त्या टोकाच्या वस्तीतले लोकबी देतीन." त्या वस्तीतल्या लोकांच्या जोड्या तोवर रांगेत सगळ्यांत मागं उभ्या राहायच्या, त्यांना विचारायचा प्रश्नच कधी आला नव्हता. गाव चकित झालं. मी मात्र त्यांचं गणित ओळखलं. आमचे बैल नुकतेच अख्खा देश जिंकून आले होते. एक गाव काय अवघड?

तयारी त्यांनी स्वतः केली. दोन मडकी आणली. आमच्या मडक्याला चुना फासला, दुसऱ्याला गेरू. मतासाठी आधी ज्वारीचा दाणा ठरला. पण डोळे अधू झाल्यापासून सासऱ्यांचे कान तिखट झाले होते. स्वयंपाकघरात मडक्यात दाणा टाकून त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "जवारी वाजते. बाहेरच्याले समजते, कोन्त्या मडक्यात पडली थे. गुप्त मतदान गुप्त पाह्यजे." म्हणून सरकी ठरली. कपाशीच्या बीला थोडी रुई चिकटलेली असते, ती पडली तर कानाला कळत नाही.

मतदानाच्या सकाळी सासूबाईंनी मला चुलीपाशी घेतलं. म्हणाल्या, "हे पाय, घरच्यानं घरच्याले मत देनं बरं दिसत नाई. आपलं ताट आपन वाढून घेत नाई. आपल्या दोघीच्या सरक्या त्याच्या मडक्यात. बाकी गाव तं देतेच हाये यायले." मला ते पटलं. घरचं वळण म्हणजे वळण.

मारुतीच्या देवळाला लागून एक खोली होती. तिथं दोन मडकी, वर फडकी. एकेकानं आत जायचं, सरकी टाकायची आणि मुकाट्यानं बाहेर यायचं. बायका नटून आल्या होत्या. काहीजणी आत जाऊन मडक्यांच्या पाया पडून आल्या. टोकाच्या वस्तीतली म्हाताऱ्यांची रांग सगळ्यांत शांत होती. सासरे दारापाशी लोडाला टेकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "ज्याले द्याचं त्याले दे. माहा लिहाज नोको ठेवू." इतकं मोकळं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी ते स्वतः आत जाऊन आले.

मोजायला शाळेचे गुरुजी. त्यांनी गेरूचं मडकं सतरंजीवर ओतलं, सरकीचा ढीग झाला. मग चुन्याचं मडकं उपडं केलं. काही पडलं नाही. गुरुजींनी मडकं हलवलं, बुडावर थापटी मारली. रुईला अडकलेली एक सरकी निघाली आणि सतरंजीवर पडली.

सासऱ्यांना एवढं बारीक दिसत नव्हतं. ते विचारत होते, "किती? आमच्या किती?"

गुरुजींनी ती सरकी उचलून सासऱ्यांच्या तळहातावर ठेवली. सासऱ्यांनी अंगठ्यानं ती चाचपली.

"अन् बाकीच्या?"

"इतकीच हाये, मालक."

गावानं माना खाली घातल्या. सासऱ्यांनी विचारलं, "हे कोनाची?" गुरुजी म्हणाले, मत गुप्त असतं, असं विचारता येत नाही. पण मागून आवाज आला, "माही व्हय, मालक."

तोच अबोल कास्तकार. ज्याच्या मडक्यात सगळं गाव पडलं होतं तो.

"काऊन रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"आता मीच मले कसा देऊ?"

सासरे हसले. हसताना त्यांचा आवाज जरा फाटला. म्हणाले, "अन् माही सरकी तुह्या ढिगात हाये, लेका."

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या ओसरीवर माणसांची रीघ होती. एकेकजण येऊन हळूच सांगायचा, "मालक, मले वाटलं सारे तुमालेच देतीन. म्हटलं, त्या गरिबाच्या मडक्यात एकतरी पडावी." सगळ्यांच्या तोंडी तेच. काहीजण खरं बोलत होते, काहीजण इतकं खोटं बोलत होते की त्यांच्या चहात मी मुद्दाम साखर कमी घातली. सासरे सगळ्यांना "समजलं, समजलं" म्हणून वाटेला लावायचे.

पोळ्याच्या दिवशी तोरण त्या कास्तकाराच्या जोडीनं तोडलं. आमची जोडी रांगेत मधेच कुठं तरी उभी होती, झूल आणि बाशिंगासकट. तोरण तुटल्यावर त्यानं आपली जोडी सगळ्यांत आधी आमच्या दारी आणली. सासूबाईंनी बैलांच्या पायावर पाणी घातलं. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं पुरणपोळी भरवली. कुळाच्या बैलांपुढं ते वाकलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

माझा राग मात्र निवला नव्हता. जोडी पुढच्या दाराला गेल्यावर मी बोललेच, "मामाजी, तुम्हीच सगळ्यांना मताचा हक्क दिला आणि गावानं तुम्हालाच एवढंसं केलं. कृतघ्न आहेत सगळे."

ते ओसरीच्या पायरीवर बसले. पुरणाचे हात धोतराला पुसले.

"नाई सूनबाई," म्हणाले. "माह्या आज्यानं मान घेतला, बापानं घेतला, मी घेतला. कोनाले विचारलं नोतं. यंदा विचारलं, तं एक सरकी पडली. थेवढीच मले कोनी देल्ली हाये. बाकी आजलोक मी घेतच होतो."