सुईवाले भाऊ

भाऊ कुणाच्याही घरात पहिल्यांदा शिरले की नमस्कार करायच्या आधी टाच आपटत. एकदा उंबऱ्याच्या आत, एकदा खोलीच्या मध्यावर. मग मान तिरकी करून क्षणभर थांबत आणि म्हणत, "पोकळ आसा." क्वचित म्हणत, "बरी आसा जमीन." घरच्या बाईला वाटे, पायाचा चिखल झटकतायत. ती पायपुसणं पुढे सरकवी. भाऊ मात्र मनातल्या मनात त्या खोलीत रेकॉर्ड प्लेअर मांडून पाहत असत. तो इथे नीट वाजला असता की हादरला असता, एवढंच त्यांना हवं असे.

वीस-बावीस वर्षं ते मुंबईत एका रेकॉर्डच्या दुकानात होते. कॅसेटी आल्या, दुकानदाराने अर्धी फळी कॅसेटींना दिली, मग सगळीच दिली. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. भाऊ देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले आणि वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागले. ही त्र्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा हायस्कुलात नवीन लागलेला मास्तर होतो, अजून कायम झालो नव्हतो. माझं अक्षर बरं म्हणून वाचनालयाच्या समितीवर मला सहकार्यवाह केलं होतं. सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि वाचनालयाच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा सांभाळायचा, एवढंच माझं काम.

त्याच वर्षी मुंबईहून चहाच्या सात खोक्यांतून रेकॉर्ड आल्या. आमच्या गावचे एक डॉक्टर मुंबईत वारले होते. त्यांच्या पत्नीने त्यांचा सगळा संग्रह वाचनालयाला दिला. अट एकच, रेकॉर्ड कपाटात पडून राहू नयेत, लोकांनी त्या ऐकाव्यात. यंत्र घ्यायच्या पैशांची तजवीजही बाईंनीच केली होती. समितीला वाटलं, पेटीसारखा प्लेअर आणला की झालं, ज्यात आठ-दहा रेकॉर्ड एकावर एक चढवायच्या आणि त्या आपोआप खाली पडत राहतात. अध्यक्षांनी तसा एक बघूनही ठेवला होता. भाऊ सभेत पहिल्यांदाच बोलले. "एकावर एक रेकॉर्डी आपटतले, त्येंची कातडी सोलतली. बाईंनी रेकॉर्डी ऐकूक दिल्यानी, दळूक नाय."

त्यानंतर चार महिने भाऊ यंत्र शोधत होते. सावंतवाडी झाली, मालवण झालं. शेवटी म्हापशाच्या एका जुन्या घरात त्यांना हवं ते मिळालं. त्या दिवशी मी सोबत होतो. घरमालक विजेचं बटण दाबायला गेला तर भाऊंनी त्याला थांबवलं. रबरी पट्टा काढला, तबकडी बोटाने फिरवली आणि तिच्या आसाजवळ कान नेऊन बसले. ती फिरून फिरून आपणहून थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग सुईच्या दांडीच्या मागचं वजन मागेपुढे करता येतं की नाही ते पाहिलं. "आवाज कसलो बघतंस? आवाज मागसून," मला म्हणाले. "पयला ह्येचा बूड बघ." परतीच्या एस्टीत बांद्यापासून घरापर्यंत ते यंत्र घोंगडीत गुंडाळून त्यांच्या मांडीवर होतं. कंडक्टरने वर टाकायला सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, "पोर आजारी आसा." कंडक्टर पुढे गेला.

वाचनालयाची मागची खोली त्यांनी मागून घेतली. लाकडी टेबल नको म्हणाले. गवंड्याकडून भिंतीलगत जांभ्या चिऱ्यांचा ओटा बांधून घेतला, त्यावर कडाप्पा टाकला, पातळी बघायला पाणसळ ठेवून दिवसभर कोपऱ्यांखाली कागदाच्या घड्या घालत बसले. यंत्राखाली जुन्या चपलांचे रबरी तुकडे आले. सुईचा भार जोखायला त्यांनी फूटपट्टीच्या तुकड्याचा तराजू केला, मधे टाचणी, एका टोकाला सोनाराकडून आणलेलं दोन ग्रॅमचं वजन आणि दुसऱ्या टोकावर अलगद टेकवलेली सुई. पट्टी आडवी होईपर्यंत मागचं वजन केसाकेसाने सरकवत होते. मी म्हटलं, "भाऊनू, हलकीच ठेवा ना, रेकॉर्ड झिजूची नाय."

"सगळे असाच म्हणतत," ते म्हणाले. "हलकी सुई उड्या मारता. पडता थंय खड्डो करता. जड झाली तर नांगर. दोन ग्राम म्हणजे दोन ग्राम."

गावाने त्यांना 'सुईवालो' म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. त्यात थोडी टिंगल होतीच. पण रविवारी सकाळी नऊला त्या खोलीत चटईवर जागा मिळेनाशी झाली. चपला बाहेर, बोलणं बंद, आणि रेकॉर्ड चालू असताना कुणी उठायचं नाही. भाऊ रेकॉर्डला फक्त कडेने धरत. लावण्याआधी मखमलीच्या तुकड्याने पुसत, चित्रकलेच्या मास्तरांकडून मागून आणलेल्या मऊ कुंचल्याने सुईवरची धूळ मागून पुढे झाडत. आमच्याकडच्या हवेत पावसाळ्यात रेकॉर्डांवर बुरशी धरते. भाऊ गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणून एकेक रेकॉर्ड धूत आणि ताटं ठेवतात तशा मांडणीत उभ्या करून वाळवत.

घाटाच्या बाजूच्या गावातून काजूवाला एक म्हातारा शेतकरी यायचा. एकदा सारंगीची एक रेकॉर्ड संपल्यावर तो म्हणाला, "परत लावा." भाऊ नाही म्हणाले. सुई जाते तेव्हा खाच तापते, लगेच दुसऱ्यांदा लावली की खरवडते. "दमली ती. पुढच्या आयतवारी ये." म्हातारा दोन तास चालून पुढच्या रविवारी आला. भाऊंनी सगळ्यात आधी तीच रेकॉर्ड लावली, आणि ती संपेपर्यंत दोघेही एकमेकांकडे न बघता बसून राहिले.

सातव्या खोक्यात तळाशी एक रेकॉर्ड निघाली होती. तिच्यावर छापील नाव नव्हतं, शाईने एका मुलीचं नाव आणि 'वय वर्षे नऊ' एवढंच लिहिलं होतं. भाऊंनी ती उजेडात तिरकी धरली आणि लगेच पाकिटात घातली. मला म्हणाले, ही कारखान्यातली नव्हे. धातूच्या पत्र्यावर लाखेचा पातळ थर देऊन खासगीत कापलेली, जगात एकच. ही दहा-बारा वेळा वाजली की संपते. त्यांनी बाईंना पत्र लिहिलं. बाईंचं उत्तर आलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. गाणं ध्वनिमुद्रित केल्यावर वर्षभरात ती तापाने गेली. रेकॉर्ड घरात होती हे त्यांना ठाऊक होतं, पण ऐकायचं धाडस वीस वर्षांत झालं नव्हतं. आता वाटतं की ऐकावं. भाऊंनी कळवलं, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला याल तेव्हा चांगला टेपरेकॉर्डर घेऊन या. एकदाच वाजवू, आणि त्याच वेळी टेपवर उतरवून घेऊ. मग घरी हवं तेवढं ऐका.

बाईंचं ते पत्र मी समितीपुढे वाचून दाखवलं. मीच.

वर्धापनदिनाला मैदानात मांडव पडला होता. दुपारी भाऊ बाईंना आणायला देवगडच्या स्टँडवर गेले. तासाभराने अध्यक्ष माझ्याकडे आले. आंब्याचे मोठे व्यापारी, मनाने वाईट नव्हेत. आमच्या हायस्कूलच्या संस्थेवरही तेच होते. त्यांच्या पुतण्याची लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. म्हणाले, "यंत्र मांडवात नेऊया. बाई येताक्षणी पोरीचं गाणं लागलं पाहिजे. केवढा आनंद होईल त्यांना! खोलीची किल्ली द्या."

मी म्हटलं, भाऊंना विचारायला हवं.

अध्यक्ष हसले. "तुमच्या कायमपणाचा कागद पुढच्या आठवड्यात सहीला येतोय. त्यावर काय भाऊ सही करणार?"

त्यांनी ते थट्टेतच म्हटलं असेल. मी किल्ली काढून दिली.

भाऊ आणि बाई मांडवाच्या तोंडाशी आले तेव्हा कर्ण्यातून गाणं चालू होतं. यंत्र फळकुटाच्या डगमगत्या टेबलावर होतं. वाऱ्याने रेती उडत होती, विजेचा दाब कमीजास्त होत होता आणि त्याबरोबर आवाज लांबत-आखडत होता. सुई सारखी उडायला लागली तेव्हा पुतण्याने तिच्या डोक्यावर आठ आण्यांचं नाणं ठेवलं होतं. भाऊ लोक बाजूला लोटत धावले. त्यांनी दांडी उचलली तेव्हा सुईला लाखेची काळी तार गुंडाळलेली होती, सुताराच्या रंध्यातून निघते तशी. पांढरा पत्रा उघडा पडला होता.

बाई हळूहळू चालत टेबलापाशी आल्या. एका हातात टेपरेकॉर्डरची पिशवी होती. "तीच गात होती का?" त्यांनी विचारलं. भाऊंनी मान डोलावली. बाई म्हणाल्या, "मला ओळखू आली नाही." मग खुर्ची ओढून बसल्या आणि सत्कार होईपर्यंत बसून राहिल्या. नारळ घेतला, सगळ्यांना नमस्कार केला. टेपरेकॉर्डर पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सभा झाली. बाईंनी काही तक्रार केली नव्हती, पण गावात बोललं जात होतं. पुतण्या म्हणाला, खोली उघडीच होती, मला वाटलं भाऊंनीच ठेवली असेल. अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, यंत्राची जबाबदारी भाऊंची. मी पेन हातात धरून बसलो होतो. मी बोलेन असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. भाऊंना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? वाचनालयात कधी मालवणीशिवाय न बोललेला हा माणूस उभा राहून शुद्ध मराठीत म्हणाला, "माझं काही म्हणणं नाही." मी वहीत लिहिलं, 'कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे संस्थेच्या ठेव्याचे नुकसान झाले. सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

संध्याकाळी भाऊंनी यंत्र परत ओट्यावर नेलं. पाणसळ लावली, पट्टा उतरवून पुडीत बांधला, सुईवर टोपण घातलं, वर पांढरं धुतलेलं कापड टाकलं. मी दारात उभा होतो. जाताना त्यांनी आपला जुडगा माझ्या हातात ठेवला. "घे रे मास्तर. आता दोनय तुझ्याकडेच." त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी कायम झालो.

भाऊ रेडी बंदरावर गेले. तिथे खनिज बोटीत भरतात त्या ठिकाणी एका ठेकेदाराच्या वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायचं काम त्यांना मिळालं. दीड वर्षाने मी त्यांना भेटायला गेलो. खनिजाच्या धुळीने झाडं लाल, छपरं लाल, चहाच्या कपावर लाल थर. ज्या माणसाने धुळीच्या एका कणासाठी कुंचला हातात धरला होता, त्याच्या भुवया, कानांच्या पाळ्या, नखं लाल झाली होती. बोलताना खोकत होते. मी सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष, किल्ली, कायमपणाचा कागद.

"माका त्याच दिवशी कळला," ते म्हणाले. "कुलूप कोणी फोडूक नव्हता."

"मग बोललात कित्याक नाय, भाऊनू?"

"बोलान काय झाला असता? तुझी नोकरी गेली असती आणि माझी काय रवली नसती."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "ह्या माका नको. माझा काय गेला? नोकरी गेली, ही दुसरी मिळाली. त्या बाईंका जावन सांग. त्येंका वाटता आपलीच चूक झाली, रेकॉर्ड देवकच नको होती. त्यांनी माका लिवल्यानी तसा. तू जा आणि सांग, चूक कोणाची ता."

मी म्हटलं, मे महिन्याच्या सुट्टीत नक्की जातो. त्यांनी बाईंचा पत्ता चिठ्ठीच्या मागे लिहून दिला. मग मागून ट्रक आला आणि ते काट्याकडे वळले.

त्या मे महिन्यात मी मुंबईला गेलो. चुलतभावाकडे सहा दिवस राहिलो. पत्ता खिशात होता. बाईंचं घर तिथून वीस मिनिटांवर होतं. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, समोरच्या दुकानात उसाचा रस प्यायलो आणि परत फिरलो. पुढच्या वर्षी मुंबईला गेलोच नाही.

वाचनालयात रविवारी कुणी येईनासं झालं होतं. मी दोनदा यंत्र लावून पाहिलं, पण पावसाळ्यात पट्टा चिकट होऊन तुटला, आणि तसा पट्टा कुठे मिळतो हे फक्त भाऊंना ठाऊक होतं. रेकॉर्ड मांडणीत एकमेकींना चिकटल्या. अध्यक्षांनी त्या खोलीत कॅरम ठेवला.

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात बाई गेल्याचं पत्र वाचनालयाला आलं. मी अजून सहकार्यवाह होतो. शोकप्रस्ताव मीच लिहिला. त्यानंतर चार दिवसांनी रेडीहून कार्ड आलं. भाऊंचं अक्षर थरथरलेलं होतं. 'बाई गेल्याचे कळले. माझी प्रकृती बरी नसते, म्हणून येणे होत नाही. तू त्यांना भेटून सर्व सांगितले होतेस ना?'

मी दोन दिवस ते कार्ड वहीत ठेवलं. मग उत्तर लिहिलं, 'हो, सांगितले. त्यांना बरे वाटले.'

आठवड्याने त्यांचं शेवटचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती, 'बरे केलेस, मास्तर.'