मामेसासऱ्यांचा राखीव फिल्टर

माझ्या मामेसासऱ्यांइतकं नव्या वस्तूंवर प्रेम करणारा आणि त्या वस्तूंना बोटही न लावणारा माणूस अख्ख्या ठाणे-कल्याण पट्ट्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कल्याणजवळ मोहन्याला त्यांच्या दोन खोल्यांत एक लोखंडी कपाट होतं. कोरे शर्ट, कोरे टॉवेल, स्टिकरसकट स्टीलचे डबे, खोक्यातला मिक्सर असा सगळा नवा संसार त्यात सुखाने नांदायचा आणि बाहेर मामी पाट्यावर वाटण वाटत बसायच्या. त्यांनी मिक्सरचं नाव काढलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "नवीन आहे, राहू दे. कार्याला लागेल." मी पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा मला अंग पुसायला जो पंचा मिळाला, त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. एकदा तर हा माणूस भर पावसात नवी छत्री शर्टाच्या आत लपवून घरी आला. मामा चिंब, छत्री कोरडी ठणठणीत, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बोलायची सोय नाही.

मामांची डिझेलवर चालणारी पिकअप होती. ते तिच्यातून लोकांची बिऱ्हाडं हलवायचे. तेव्हा डोंबिवलीत रोज एक नवी बिल्डिंग उभी राहायची, त्यामुळे गाडीला उसंत म्हणून नव्हती. इंजिनात जाणारं डिझेल गाळायला जो फिल्टर असतो, तो या गाडीत बहुधा तिच्या जन्मापासूनचाच होता. जरा चढ लागला की गाडी धापा टाकायची, आचके द्यायची. गॅरेजवाला बिचारा हात जोडायचा, "काका, आता तरी फिल्टर बदला हो!" त्यावर "आणलाय ना!" म्हणून मामा डॅशबोर्डवर गणपतीच्या तसबिरीशेजारचं खोकं अभिमानाने दाखवायचे. दर दसऱ्याला त्या खोक्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळायचं. मग जुनाच फिल्टर काढून, डिझेलमध्ये खंगाळून, फुंकर मारून पुन्हा बसवला जायचा.

माझी बायको शैला ही मामांची भाची. तिचे वडील ती लहान असतानाच गेले आणि मामांनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली. आता लग्नात नवरीला बोहल्यापर्यंत मामाने आणायचं असतं, एवढाच आपल्याकडे रिवाज. मामांनी तो पार मोहन्यापर्यंत ताणला. "घरातून बोहल्यापर्यंत मीच आणणार, आणि माझ्याच गाडीतून!" बाकीचं वऱ्हाड मामींसकट बसने पुढे आलं.

कार्यालय वर्तकनगरला. मुहूर्त बारा दहाचा. साडेअकरा वाजले तरी नवरी नाही. भटजी म्हणाले, मामांना उशीर होत असेल तर मामा म्हणून दुसरं कोणीही चालेल. माझी आत्या कडाडली, "मामा दुसरा उभा कराल हो, नवरी कुठून आणणार?" तेवढ्यात हार घेऊन आलेला फुलवाला सहज म्हणाला, "माजिवड्याच्या नाक्यावर एक नवरी हातात पाना घेऊन उभी आहे. तुमची का?"

मी तसाच उठलो. पीतांबर, मुंडावळ्या, कपाळाला बाशिंग, आणि मित्राच्या स्कूटरवर मागे! नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी ओरडलं, "भाऊ, पळून चाललास की काय?"

पिकअपचं बॉनेट उघडं होतं. मामा कोपरापर्यंत काळे झालेले. मला बघताच ओरडले, "तोंड फिरवा, जावईबापू! मुहूर्ताआधी नवरीचं तोंड बघायचं नाही!" आणि गळ्यातलं उपरणं काढून त्यांनी बॉनेटच्या दांडीला टांगलं. झाला अंतरपाट! अलीकडे मी, पलीकडे शैला, मध्ये मामा आणि तो तुंबलेला फिल्टर. त्यांनी तो धुतला, बसवला. मी फिल्टरजवळचा अंगठ्याएवढा हातपंप दाबदाबून आतली हवा काढली. गाडी घुर्र झाली आणि मेली. पुन्हा धुतला, पुन्हा पंप, पुन्हा घुर्र. माझा अंगठा सुजला, बाशिंग नाकावर आलं आणि घड्याळात अकरा पन्नास.

मी काकुळतीला आलो, "मामा, समोर नवीन आहे ना, तो लावा की!"

"राहू दे हो. अजून एकदा बघू. चालेल हा."

तेव्हा उपरण्यापलीकडून शैलाचा आवाज आला, "मामा, मी पण नवीनच आहे. मलाही कपाटात ठेवणार आहात का?"

मामांचा हात थांबला. ते फूटबोर्डवर बसले, उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. "डिझेल उडालं," म्हणाले. डिझेल कुठलं, रडत होते ते. इतकी वर्षं ज्या कार्यासाठी सगळं राखलं ते कार्य समोर आलं होतं, आणि ते उरकलं की ही घरातून जाणार होती.

मग उठले. खोक्याची चिकटपट्टी नखाने अलगद सोडवली, आतलं प्लॅस्टिक घडी करून खिशात घातलं, फिल्टर कपाळाला लावला आणि बसवला. मी पंप मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली, आणि काय सुटली म्हणता! मी मागच्या हौद्यात नवरीकडे पाठ करून बसलो होतो. नवऱ्या मुलाला नवरीच्या गाडीतून उतरताना पाहून आत्याने तोंडाला पदर लावला. बारा दहाला मामांनी शैलाला हाताला धरून आणलं. तिच्या पिवळ्या साडीवर त्यांची पाची बोटं काळी उमटली. आल्बममध्ये ती अजून दिसतात.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर मामींनी ते कपाट आमच्यासमोर उघडलं. शर्ट-टॉवेल वाटून टाकले, मिक्सर एकदाचा ओट्यावर आला. अगदी आतल्या कोपऱ्यात फिल्टरचं ते खोकं होतं. "हा नवा फिल्टर कुणाला तरी देऊन टाका," मामी म्हणाल्या. मी उघडलं. आत त्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, पुसून लख्ख केलेला, वर हळदकुंकू सुकलेला, लग्नाच्या दिवशी माजिवड्याला काढलेला तो जुनाच फिल्टर होता. सबंध कपाटात वापरलेली अशी ती एकच वस्तू. मला हसू आलं, आणि मी ते खोकं शैलापुढे धरलं.

शैलाने खोकं माझ्या हातातून घेतलं, झाकण लावलं आणि होतं तिथे परत ठेवलं.

"राहू दे," म्हणाली.